सावळझिऱ्याच्या कुरणाचा नकाशा

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज चौथं सॉफ्टवेअर उतरवलं आणि चौथंही काढून टाकलं! लॅपटॉप बिचारा धापा टाकतोय. चार जीबीचा जीव तो, त्याच्यावर उपग्रहाची चित्रं लादायची म्हणजे म्हाताऱ्याच्या पाठीवर सिमेंटचं पोतं. पंखा असा घरघरतो की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, ताई, पिठाची गिरणी टाकली का?

चंद्रशेखर सरांचं आपलं एकच — नकाशा असा पाहिजे की समोरच्याने बघूनच गप्प बसावं. संस्था सरांची. राहतात शेगावला, आठवड्यातून तीनदा एसटीने संग्रामपूरला येतात. संस्था म्हणजे तरी काय — सर, मी, दोन टेबलं आणि दार न लागणारं एक कपाट. गवताळ रानांचा अभ्यास करतो आम्ही. म्हणजे मी करते आणि सर अहवाल लिहितात. हे चिडून लिहिलंय. सर चांगले आहेत.

पण नकाशे मात्र मलाच काढायचेत, आणि एम. एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की पुढे गवतापेक्षा स्क्रीनकडेच जास्त बघावं लागेल. दिवसभर खुर्चीत बसून पाय वळवळायला लागले. शेवटी बस स्टँडपर्यंत उगाचच दोन चकरा मारल्या.

६ ऑगस्ट

महागड्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याचा नागपूरहून फोन. वर्षाची किंमत ऐकून मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडेच बघितलं. माझा सात महिन्यांचा पगार! तीस दिवस फुकट वापरून बघा म्हणाला, मग तुम्हाला दुसरं काही आवडणारच नाही. पैठणीच्या दुकानातही असंच खांद्यावर टाकून दाखवतात.

सरांचे डोळे चमकले. तीस दिवस घेतले. आजपासून मोजणी सुरू.

९ ऑगस्ट, शनिवार

महागड्याच्या जोडीला एक इंटरनेटवरचंही बघितलं. काही उतरवायला नको, ब्राउझरमध्येच चालतं, लॅपटॉप एकदम शांत! लहान खात्याला फुकट. मी खूश. भराभर आमचे सगळे बिंदू चढवले — गवताचे चौकोन, पाणवठे, आणि तणमोराची जागाही.

मग चहा पिता पिता अटी वाचल्या. फुकट खात्यातला नकाशा जगात कुणालाही दिसतो!

कप तसाच ठेवला आणि सगळं पुसलं. दहा-बारा मिनिटंच होतं तिथे, पण पुसलं गेलं का ते तीनदा तपासलं. सत्तावीस जुलैला सावळझिऱ्याच्या कुरणात मी तणमोर पाहिला. कोंबडीएवढा पक्षी, काळा नर, गवतातून सरळ वर उडी मारतो आणि पुन्हा गवतात बुडतो. एका तासात मी चाळीस उड्या मोजल्या. चार पावसाळे त्या कुरणात फिरतेय, पहिल्यांदाच दिसला. मी चिखलात बसून रडले होते, हे वहीशिवाय कुणाला माहीत नाही. ही जागा बाहेर गेली की आठ दिवसांत मोठाल्या कॅमेऱ्यांच्या गाड्या गवत तुडवत येणार. इंटरनेटवालं बाद.

१३ ऑगस्ट, बुधवार

तालुक्याच्या ऑफिसातून एक यादी आली. कुठल्याशा कंपनीच्या पैशातून तालुक्यातल्या 'पडीक' जमिनींवर झाडं लावणार. यादीत सातव्या नंबरवर — सावळझिरा, ब्याऐंशी हेक्टर.

आमचं कुरण! पडीक!

उपग्रहाच्या तयार नकाशात जिथे शेत नाही, जंगल नाही, घर नाही ते सगळं पडीक धरतात. गवत म्हणजे काहीच नाही. ऑक्टोबरात खड्डे, पुढच्या पावसाळ्यात रोपं. ओळीत झाडं उभी राहिली की गवत मरतं, तणमोर पुन्हा येत नाही, आणि सावळझिऱ्याच्या तीनशे गुरांनी जायचं कुठे ते कुणी लिहिलेलं नाही.

जमीन यादीतून वगळून घ्यायची तर ग्रामपंचायतीने २६ सप्टेंबरच्या आत अर्ज करायचा. सोबत मोजणीचा नकाशा आणि तिथे काय काय उगवतं, काय राहतं त्याची नोंद. पन्नास हेक्टरच्या खालचा तुकडा वगळणार नाहीत. एका अर्जावर एकच ग्रामपंचायत.

सर म्हणाले, आता तरी कळलं ना चांगलं सॉफ्टवेअर कशाला पाहिजे! मी अटींचा कागद पुन्हा वाचायला घेतला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर सावळझिऱ्याला ग्रामसभा. यादी मीच वाचून दाखवली. सत्यभामाबाई उठल्या — चराई समितीच्या अध्यक्ष, साठीच्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "पडीक काऊन म्हनते ते? आमची ढोरं काय गोटे खाऊन राह्यली काय?" सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत.

पोळा झाला की गावाची शीव चालून मोजायची, असं ठरलं.

२४ ऑगस्ट, रविवार

चाललो! सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत. वाट गोकुळकाकांना ठाऊक — चाळीस वर्षं गावची गुरं राखतात, गावाचं कुठवर आणि कुठून नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून फोन त्यांच्याच बंडीच्या खिशात ठेवला. फोनमधलं ॲप चालणाऱ्याची वाट रेषेसारखी नोंदवत जातं. मी मागे गवत लिहीत — पवन्या, मारवेल, कुसळी, कुठे कुठे शेडा. पायात कुसळं इतकी की सलवार फेकूनच द्यावी लागणार.

शिवेवर शेंदूर लावलेले दगड आहेत, अकरा. गोकुळकाका प्रत्येकाशी थांबले, नारळ नाही तर निदान फूल तरी ठेवलं. मी तेव्हा बाजूला उभी राहते. आमच्या घरात देवाला हात जोडायची पद्धत नाही, हे गावाला माहीत आहे, कुणी मनावर घेत नाही. तेवढ्या वेळात मी वही भरली.

पाय भरून आलेत आणि आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.

२५ ऑगस्ट

काकांची वाट महागड्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली. त्याने म्हटलं, आकृतीत दोष आहे, दुरुस्त करू? मी म्हटलं कर. एका क्लिकमध्ये झालं! सुबक आकृती, हेक्टर-आरसकट आकडा. छाया काय, उत्तर दिशेचा बाण काय, अगदी सरकारी नकाशाच्या तोडीचा.

वाईट वाटतं ते हे, की खरंच सुंदर दिसतो. आणखी अकरा दिवसांत ट्रायल संपणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सरांना नकाशा दाखवला. सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. म्हणाले, कसंही करून घेऊ हे, मी कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढतो. मलाही तेच हवं झालंय, खोटं कशाला बोलू! रंगीत प्रिंट काढून दुपारी सावळझिऱ्याला नेली.

सत्यभामाबाईंनी कागद ओट्यावर पसरला. वाचता येतं त्यांना, पण त्यांनी अक्षरं बघितलीच नाहीत. बोटाने चालत गेल्या — हा नाला, ही गोकुळची विहीर, हा महारुखाचा बांध. मग बोट थांबलं.

"याच्यात कुरन कुठं हाये?"

मी वाकून बघितलं. नव्हतं! अख्खं कुरण नकाशात नव्हतं! तीन दिवस मी तो नकाशा उशाशी घेऊन बसल्यासारखी मिरवत होते आणि ज्याच्यासाठी काढला तेच त्यात नव्हतं. सरांनाही दिसलं नाही. आम्ही दोघं नुसता उत्तरेचा बाण बघत होतो.

२९ ऑगस्ट

रात्र तळमळत गेली. सकाळी तीच वाट फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली. हे जगभरातली माणसं आपापल्या वेळात बनवतात, कुणाचं एकाचं नाही, पैसे लागत नाहीत, मराठीतही बऱ्यापैकी बोलतं. दिसायला रुक्ष म्हणून मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं होतं.

त्याने आकृती बनवायलाच नकार दिला! अकरा ठिकाणी लाल खूण — इथे रेषा स्वतःलाच ओलांडते. मोठं करून बघितलं. प्रत्येक लाल खुणेवर रेषेची गाठ. गोल गोल गोल, मग पुढे.

अकरा दगड!

धावतच गेले गोकुळकाकांकडे. काका, तुम्ही दगडाभोवती फिरत होतात का? ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच अडाणी. म्हणाले, "देवाले फेरा घेतल्याबिगर पुढं कसं जाता येईन, म्याडम? तीन फेरे. पाह्यलं नाही काय तुमी?"

नाही पाहिलं. मी बाजूला तोंड करून वही भरत होते.

कुरणाच्या तोंडाशी शीव अगदी अरुंद आहे, दोन नाल्यांच्या मधे बैलगाडीपुरती वाट. तिथे जाताना एक दगड, येताना एक. काकांच्या फेऱ्यांनी दोन्हीकडच्या रेषा एकमेकींवर चढल्या आणि कुरण वेगळा तुकडा झालं. महागड्याने मोठा तुकडा ठेवला आणि छोटा काढून टाकला. मीच तर म्हटलं होतं, कर!

१ सप्टेंबर, सोमवार

ठरलं. फुकटचंच घ्यायचं.

सर नाराज. म्हणाले, फुकटच्या नकाशाला साहेब किंमत देतील का? मी म्हटलं, सर, नकाशावर किमतीची चिठ्ठी नसते. जरा जास्तच बोलले. पण महागडं माझ्या चुका माझ्यापासून लपवून ठेवतं आणि हे तोंडावर सांगतं. मला तोंडावर सांगणारंच परवडतं, पैशानेही आणि दुसऱ्या अर्थानेही. शिवाय वर्ष संपलं की फाइल उघडत नाही, हा धाक नाही.

सर संध्याकाळच्या गाडीने गेले. मी फलाटापर्यंत मागे गेले नाही. जायला हवं होतं.

४ सप्टेंबर

एकेक गाठ हाताने सोडवतेय. सहा झाल्या. महागड्याचे तीस दिवस उद्या संपतात. विक्रेत्याचे दोन फोन आले.

५ सप्टेंबर

कुरण दिसलं! ब्याऐंशी पूर्णांक चार हेक्टर. एकसंध. सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं — 'शाब्बास. बाण जरा मोठा कर.'

८ सप्टेंबर, सोमवार

पळसोडीचा ज्ञानेश्वर आला होता. पळसोडी म्हणजे कुरणाच्या पलीकडच्या अंगाचं गाव. त्याचं तिथे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पंचविशी-सव्विशीचा, हुशार, चेहऱ्यावर कायम एक अर्धवट हसू. त्यांच्याही गावाच्या जमिनी यादीत आहेत. "मले बी देता काय ते? आमच्या गावाचं बी काढून पाह्यतो."

देता काय! मला तर सगळ्या तालुक्याला वाटायचंय! पेन ड्राइव्हवर दिलं, चार तास बसून शिकवलं. गाठी कशा सोडवायच्या तेही. माझ्यापेक्षा भरभर शिकला. जाताना मला म्हणाला, म्याडम, याच्यात पैसे कोनाले द्यायचे? मी म्हटलं कुणालाच नाही. त्याला ते खरं वाटेना.

मला फार अभिमान वाटला आज. आईला चिखलीला फोन करून पाऊण तास हेच सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का?

१२ सप्टेंबर

गवत कमरेएवढं. तणमोर दिसला नाही. नर आता उड्या मारत नाहीत, मादी अंड्यांवर असेल. जवळ गेले नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सावळझिऱ्याचा अर्ज दिला. नकाशा, एकशे चौदा वनस्पतींची यादी, त्रेसष्ट पक्षी. पोच मिळाली. सत्यभामाबाईंनी पोच पदराच्या गाठीला बांधली. दहा दिवस आधी! मी आणि वेळेआधी! सर म्हणाले, बाण शोभतोय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तालुक्याच्या ऑफिसातून बोलावणं. टेबलावर दोन नकाशे एकावर एक. पळसोडीचाही अर्ज आलाय. आणि त्यांच्या नकाशातही आमचं कुरण आहे. अख्खं. ब्याऐंशी पूर्णांक एक.

रेषा इतकी स्वच्छ! एकही गाठ नाही. मीच शिकवलंय.

तिथले कारकून भाऊ समजुतीने बोलले — एका जागेवर दोन गावं म्हणजे वादातली जागा. वादातली जागा वगळता येत नाही, ती यादीत जशी आहे तशीच राहते. २६च्या आत कुणीतरी एकाने कुरण आपल्या नकाशातून काढा, मग दुसऱ्याचं मंजूर.

बाहेर येऊन ज्ञानेश्वरला फोन लावला. काय काय बोलले ते लिहीत नाही. तो एवढंच म्हणाला — "पन म्याडम, आमची ढोरं बी तिथंच चरतेत ना. तुमीच म्हनलं होतं, जिथवर गावाचं जनावर जाते तिथवर चाला."

म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं.

१९ सप्टेंबर

कुरण मधोमध कापून बघितलं. एकेचाळीस-एकेचाळीस. पन्नासच्या खाली, दोन्ही तुकडे बाद. तिरकं कापलं, आडवं कापलं. ब्याऐंशीचे दोन पन्नास होत नाहीत, हे कळायला मला सॉफ्टवेअर लागलं!

२१ सप्टेंबर, रविवार

दोन्ही गावं कुरणातच भेटली. वाटलं होतं, जागा डोळ्यांपुढे असली की माणसं नरमतील. दोन्हीकडे लेकी दिलेल्या, सुना आणलेल्या. गोकुळकाकांचा मेहुणाच पळसोडीचा. पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांच्या घरचं विचारत होते.

मग नकाशे उघडले आणि संपलं. आजवर कुरण कुणाचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. दोन्ही गावची गुरं सकाळी दोन बाजूंनी चढायची आणि संध्याकाळी दोन बाजूंना उतरायची. आज कागदावर रेष दिसली आणि प्रत्येकाला ती आपली वाटायला लागली. गोकुळकाका मेहुण्याला म्हणाले, तुझ्या गावाची ढोरं आम्ही चरू देत होतो. मेहुणा म्हणाला, आम्ही चरू देत होतो. आवाज चढले. कुणीतरी ज्ञानेश्वरची कॉलर धरली, मी मधे पडले, आणि मग मीच त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "चोर आहेस तू!"

त्याने कॉलर सरळ केली. ते अर्धवट हसू मात्र गेलं.

घरी आले तेव्हा ओढणीला, केसांना, सगळीकडे कुसळं. एकेक काढत बसले. जेवले नाही.

२३ सप्टेंबर

नको ते मनात येतंय. ते महागडंच घेतलं असतं तर? ज्ञानेश्वरकडे ते कधी आलंच नसतं. पळसोडीचा नकाशा तलाठ्याकडच्या फाटक्या कागदावर राहिला असता, आमचा एकट्याचा चकचकीत, आणि कुरण आमच्या नावाने वाचलं असतं. म्हणजे दुसऱ्याला परवडू नये, यातच आमचा फायदा होता! हे मी विचार करतेय? मी? जिने परवा आईला पाऊण तास भाषण दिलं?

तरी विचार जात नाही. येरझारा मोजतेय — खोलीत एकशे तीस पावलं, संस्थेत सत्तर. बसवत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

ज्ञानेश्वरचे सकाळपासून पाच फोन. उचलले नाहीत. आता आणखी काय ऐकवायचंय त्याला! शेवटी त्याचा नंबरच बंद करून टाकला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी सत्यभामाबाई आल्या. एकट्या, सावळझिऱ्याहून एसटीने. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, मशीन उघड, कुरण दाखव.

दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांना सगळं पुन्हा सांगायला लागले — ऑफिसाचं म्हणणं, पन्नास हेक्टर, उद्याची तारीख. त्यांनी हातानेच थांबवलं.

"हे पुसता येते काय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, बाई, गाव काय म्हणेल? पुढच्या वर्षी पळसोडीने गुरं अडवली तर? म्हटलं, कागदावर एकदा गेलं की परत येत नाही.

"कोनाच्या नावानं वाचलं हे ढोराले समजत नाही," त्या म्हणाल्या. "मले समजते. म्हनून म्हनतो, लौकर पुस."

सरपंचाची सही घेऊनच आल्या होत्या. कशी मिळवली विचारलं नाही. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि सोळा तारखेची ती पोच माझ्या टेबलावर ठेवली.

मी पुसलं. कुरणाच्या तोंडाशी, जिथे दोन रेषा जवळ येतात, तिथून कापलं. एका क्लिकचं काम. त्या वेळी बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांना बस स्टँडवर सोडायला गेले. गाडी येईपर्यंत त्या मारवेल कधी कापायचा आणि गंजी कुठे रचायची हेच बोलत होत्या, जणू या वर्षी नेहमीसारखंच सगळं होणार आहे.

पाया पडावंसं वाटलं. आमच्यात नाही पडत. पण वाटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी पावणेचारला सुधारित नकाशा दिला. खिडकीवर वेगळ्याच बाई होत्या. कागद मोजले, शिक्का मारला, पुढचा. पाच वाजता खिडकी बंद झाली.

झालं. कुरण पळसोडीच्या नावाने, पण वाचलं. पुढच्या ऑगस्टात तणमोर येईल आणि त्याला कुठलं गाव ते माहीत नसेल. सरांना सांगितलं. ते म्हणाले, बाईंना माझा नमस्कार सांग. माझी संध्याकाळ आज बसून गेली, एका जागी, कितीतरी दिवसांनी. ज्ञानेश्वरची माफी मागायला हवी. उद्या त्याचा नंबर सुरू करते.

२७ सप्टेंबर

सकाळीच ज्ञानेश्वर दारात. ते अर्धवट हसू परत आलेलं. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघायच्या आधीच म्हणाला, "फोन काऊन नाही उचलला, म्याडम? बुधवारीच आमी कुरन आमच्या नकाशातून काढून टाकलं. आमच्या म्हाताऱ्यायनं ठरवलं. सावळझिऱ्याची ढोरं जास्त हायेत म्हने, त्यायले राहू द्या."

मी त्याला आत ये म्हटलं. चहा टाकला. तो आनंदाने काय काय सांगत होता.

कुरण आता कुणाच्याच नकाशात नाही. चहा झाला की त्याला सांगायचंय, आणि मग साडेदहाच्या गाडीने सावळझिऱ्याला जायचंय.